कुरतडलेली पानं

पालेवालीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. शेजारी मावशी म्हणतात, घरात थोरली जाऊ नुसतंच 'अगं' म्हणते, आणि बाकी सगळी माणसं पालेवाली म्हणतात. तिलाही ते बरं वाटतं. नाव आईबापांनी ठेवलेलं असतं. हे मात्र तिनं आपल्या हातांनी मिळवलंय.

ते हात एकदा बघण्यासारखे आहेत. उजव्या अंगठ्याचं नख तिनं वाढवलेलं आहे आणि ते कायम हिरवट काळं असतं. त्या नखाने ती पान देठापाशी असं खुडते की वेलाला हिसका बसत नाही. शेजारच्या पानावरचं दवसुद्धा जागचं हलत नाही. हे तिला आईनं शिकवलं. शिकवलं म्हणजे बोलून नव्हे. आई फार बोलायची नाही, हाताला हात लावून दाखवायची, आणि चुकलं की मनगटावर हलकीशी चापट द्यायची.

वस्ती संपते तिथे दगडाची जुनी खाण आहे, आणि खाणीच्या पाठच्या उतारावर ती वेल आहे. आई तिला 'मुकी' म्हणायची. वाऱ्यात तिची पानं सळसळत नाहीत. चुरडली तर वास येत नाही. चावली तर आधी काहीच लागत नाही, आणि आपण थुंकून पुढे चालायला लागलो की मग घशातून कडू चढत येतं. मुकीच्या पानांचा लेप सुजेवर लावायचा, आणि साखरेचा आजार असेल त्याने वाळल्या पानांचा काढा सकाळी घ्यायचा. आई हे देत आली, आईनंतर पालेवाली देत आली. तीस वर्षं झाली.

तीस वर्षांत कुणी तिला उलटा प्रश्न विचारला नव्हता. तो विचारला जावेनं.

या दोघींचे नवरे सख्खे भाऊ. दोघेही गेले. मागे घर उरलं, दोघी उरल्या आणि दोघींचं भांडण उरलं. जाऊ वयाने थोरली, अंगाने जड, जिभेने फटकळ. बारा वर्षांपासून तिला साखरेचा आजार आहे आणि संध्याकाळी घोटे सुजून पायांचे खांब होतात. रोज सकाळी ती दवाखान्यातली गोळी घेते आणि त्यावर पालेवालीचा काढा घेते. एका सकाळी पेला हातात घेऊन ती म्हणाली,

"अगं, एक सांग मला. माझी साखर उतरलीय म्हणे. डॉक्टर म्हणतो गोळीनं उतरली. तू म्हणतेस पाल्यानं. तुम्हा दोघांत लबाड कोण?"

"काढा पी मुकाट्यानं. थंड होतोय."

"म्हणजे तुला माहीत नाही."

"मला माहीत आहे."

"कसं?"

जावेनं पेला रिकामा केला, तोंड वाकडं केलं आणि ती आपल्या कामाला लागली. पण तो 'कसं' घरात राहिला. चूल पुसताना राहिला, अंथरूण घालताना राहिला. पालेवाली आठवत बसली. ज्यांना गुण आला ती माणसं परत आली होती, हसली होती, पाया पडली होती. ज्यांना आला नाही ती परतच आली नव्हती. तीस वर्षं तिनं फक्त हसणारे चेहरे पाहिले होते. मग बाकीच्यांचं काय झालं?

गावाच्या दुसऱ्या टोकाला एक संस्था आहे. पिवळी, दुमजली, खिडक्यांना बारीक जाळी. तिथे झाडपाल्याची परीक्षा घेतात, असं तिच्या कानावर होतं. घरात वाळत घातलेला पाला तिनं पिशवीत भरला आणि ती चालत तिथे गेली. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं हात आडवा घातला.

"भाजी आत न्यायची नाही."

"भाजी नाही. औषध आहे." मग ती थांबली. खोटं बोलायची सवय नाही. "आहे की नाही, तेच विचारायला आलेय."

पहारेकऱ्याला हे उत्तर इतकं नवं होतं की त्यानं तिला आत सोडलं.

आत तिला भेटली परीक्षा घेणारी बाई. पस्तिशीची, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, बोलणं भरभर, चालणं त्याहून भरभर. बाईनं पान हातात घेतलं, उलटं केलं, उजेडात धरलं, कुठे वाढते, कधी खुडली, कशी वाळवली, सगळं लिहून घेतलं. एक पान जाड कागदावर चिकटवून त्यावर तारीख घातली. पालेवालीला वाटलं होतं हसतील. इथे तर तिच्यापेक्षा जास्त प्रश्न विचारणारं माणूस भेटलं.

महिन्याभरानं बाई स्वतः घरी आली. दारातूनच म्हणाली, "मावशी, आकडे चांगले आलेत. उंदरांची सूज चांगली उतरली. आता मोठी परीक्षा घ्यायची, सुजेची आणि साखरेचीही. पाला भरपूर लागेल. दोन पोती."

"ऐकलंस?" पालेवालीनं आत बघून विचारलं.

"ऐकलं. मग गोळी सोडू का?" जाऊ आतून ओरडली.

"अजिबात सोडायची नाही," बाई आणि पालेवाली एकदमच म्हणाल्या, आणि एकमेकींकडे बघून हसल्या.

त्यानंतरचे चार दिवस पालेवाली उतारावरच होती. तिनं एकेक पान निवडलं. पाहुणा आला की आपण कड उडालेला कप मागे सारतो आणि धड कप पुढे करतो; तसं तिनं केलं. एवढी शिकलेली माणसं, एवढी मोठी संस्था, तिथे आपली वेल उघडी पडायची, तर ती चांगल्या रूपात जायला हवी. मोठी, सबंध, तुकतुकीत पानं. कुठे भोक नाही, डाग नाही. धुतली, सावलीत वाळवली, फडक्याने पुसली. जाऊ खाटेवर पाय वर घेऊन बघत होती.

"लग्नाला निघालीत की काय पानं?"

"तुला काय करायचंय?"

"मला आपलं रोज गाळसाळ पाजतेस, म्हणून विचारलं."

पालेवालीनं पोत्याचं तोंड शिवलं.

दोन महिने गेले. मग बाईनं तिला बोलावून घेतलं. या खेपेला बाई भरभर बोलत नव्हती. तिनं खुर्ची पुढे केली, पाणी दिलं, आणि मग सांगितलं. काही झालं नाही. सूज उतरली नाही, साखर उतरली नाही. मुकीचा अर्क दिलेले उंदीर आणि साधं पाणी दिलेले उंदीर यांच्यात काडीचा फरक नव्हता.

"मग पहिल्या वेळी?"

"पहिल्या वेळी उंदीर थोडे होते. कधी कधी योगायोगानंही आकडे चांगले दिसतात." बाईनं चष्मा काढून पदराला पुसला. "आणखी दोन महिन्यांनी समितीची बैठक आहे. आहे हे असंच राहिलं तर मुकीचं नाव परीक्षेच्या यादीतून काढतील. मग पुन्हा कुणी तिला हात लावणार नाही."

पालेवालीनं पाण्याचा पेला बाजूला ठेवला.

"म्हणजे तीस वर्षं मी लोकांना नुसतं कडू पाणी पाजलं? आणि माझ्या आईनं?"

खोटा धीर द्यायचा बाईचाही स्वभाव नव्हता. दुसरी कुणी असती तर डोळ्याला पदर लावून निघून गेली असती. पालेवालीला आत कुठेतरी कळ आली, हे खरं. पण त्या कळेच्या शेजारी तिची जुनी खोड जागी झाली होती. तिनं विचारलं,

"मला ते उंदीर दाखवाल?"

उंदरांची खोली मागच्या अंगाला होती. तिथे राज्य होतं उंदीरमामांचं. बुटका, टकला, कानांवर केसांचे झुबके असलेला हा माणूस बावीस वर्षं उंदीर सांभाळत होता. एका भिंतीला पिंजऱ्यांच्या रांगा, प्रत्येकावर चिठ्ठी, प्रत्येकात लाकडाचा भुसा आणि उलटी टांगलेली पाण्याची बाटली. पांढरे उंदीर मागच्या पायांवर उभे राहून आलेल्या पालेवालीचा वास घेऊ लागले.

"यांना कळतं हो," मामा म्हणाले. "नवं माणूस आलं की सभा भरते."

"सूज कशी मोजता यांची?"

मामांनी पाण्यानं भरलेली काचेची नळी दाखवली. आधी पंजाला बारीक सुई देऊन सूज आणायची. मग पंजा नळीत खुणेपर्यंत बुडवायचा. पंजा जेवढा सुजलेला तेवढं पाणी वर चढतं. पालेवालीनं नळी उजेडात धरून तिच्यावरच्या रेघा निरखल्या. एवढीशी रेघ. आपण आयुष्यभर बोटानं दाबून सूज मोजली, खड्डा किती वेळ राहतो ते पाहिलं. ही रेघ बोटापेक्षा धीट होती, तिला कुणाची भीड नव्हती.

"आणि साखर?"

"शेपटीच्या टोकाचा थेंब घेऊन यंत्रावर बघतात. पण मला यंत्र लागत नाही," मामांनी आवाज खाली आणला. "साखरेचा उंदीर घटाघटा पाणी पितो. त्याचा भुसा सकाळी ओलाचिंब. साखर उतरायला लागली की भुसा कोरडा पडतो. तुमच्या पहिल्या पाल्याच्या वेळी बाईंनी चार साखरेचे उंदीरही पारखले होते. चौघांचा भुसा कोरडा होता. मी बाईंना म्हणालो होतो. योगायोग असला तरी चारही पिंजऱ्यांत एकदम? मला काही पटलं नाही."

"परीक्षा संपली की यांचं काय होतं?"

मामा एका पिंजऱ्याची बाटली बदलत होते. ती त्यांनी नीट बसवली, हात पुसले, आणि म्हणाले, "यांना नावं द्यायची नाहीत, शेवटी जड जातं, असा नियम आहे इथे. तरी मी देतो." एवढंच.

पालेवालीनं पिंजऱ्याच्या दिशेने हात जोडले. मग ती बाईकडे परत गेली. मामांचं ते 'पटलं नाही' तिच्या डोक्यात फिरत होतं.

"पहिला पाला आणि दुसरा पाला. दोन्ही पानं चिकटवून ठेवलीत ना तुम्ही? बघू."

बाईनं कपाटातून दोन जाड कागद काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. उजवीकडे दुसऱ्या खेपेचं पान: मोठं, सबंध, नितळ. डावीकडे पहिलं: कड कुरतडलेली, मधे तीन भोकं, एका भोकाभोवती तपकिरी कडं.

"पहिला नमुना तसा किडका होता," बाई अवघडून म्हणाली. "पण तुम्ही एवढ्या लांबून आणलेला, म्हणून चालवून घेतला."

पालेवाली दोन्ही कागदांवर वाकली. डाव्या पानाच्या भोकाला तिनं बोट लावलं, आणि बोट तिथेच राहिलं. तिच्या मनगटाला एक जुनी चापट आठवली. ती सात-आठ वर्षांची असेल. आईबरोबर उतारावर. तिनं एका मोठ्या, सुंदर पानाला हात घातला आणि चापट बसली. आईनं ते पान सोडून शेजारचं खुडलं, अळीनं अर्धं खाल्लेलं. नेहमी तेच. आई अळीनं तोंड लावलेलं पानच घ्यायची, तेही देठाकडचा भाग अजून हिरवा असेल तर. लहानपणी तिनं आपल्यापुरता अर्थ लावला होता की चांगली पानं आई वेलीसाठी ठेवते, वेल जगावी म्हणून. आणि मग हाताला तीच सवय लागली. डोक्याला कधी विचारावं लागलं नाही.

"बाई, माझ्याकडून घोटाळा झालाय."

"काय झालं?"

"आम्ही अशी पानं घेत नाही. ही सबंध, ही आम्ही कधीच घेत नाही. अळीनं खाल्लेलीच घेतो. पण तुम्हाला द्यायची म्हटल्यावर..." तिला पुढे बोलायला लाज वाटली. "म्हटलं, किडकं कसं द्यायचं? म्हणून चांगली निवडून आणली. माझी मेलीची अक्कल."

बाई खुर्चीत हळूच बसली. मग उठली. मग परत बसली.

"मावशी, अळी खायला लागली की काही झाडं पानात कडू द्रव्यं वाढवतात. स्वतःला वाचवायला. आपल्याला हवं असलेलं द्रव्य कदाचित तेच असेल."

"म्हणजे आईला ते माहीत होतं?"

"ते मला माहीत नाही. हे खरं आहे की नाही, तेही अजून माहीत नाही." बाईचं बोलणं पुन्हा भरभर होऊ लागलं. "पण विचारता येईल. बैठकीच्या आत विचारता येईल."

मग तिनं सांगितलं ते ऐकून पालेवाली थक्क झाली. दोन्ही प्रकारची पानं पालेवालीनंच खुडायची, घरीच वाळवायची, घरीच दळायची. दोन सारखे डबे, एकावर एक ठिपका, दुसऱ्यावर दोन. कुठल्या डब्यात काय, ते बाईला सांगायचं नाही. बंद पाकिटात लिहून द्यायचं, आणि पाकीट शेवटी फोडायचं.

"तुम्हाला का नाही सांगायचं? परीक्षा तुम्हीच घेणार ना?"

"म्हणूनच. मला कळलं तर माझा डोळा लबाडी करेल. नळीतली रेघ मला हवी तिथे दिसायला लागेल."

"स्वतःच्या डोळ्यावर विश्वास नाही तुमचा?"

"नाही. त्यावरच तर माझी नोकरी चाललीय."

पालेवाली मनापासून हसली. आणि हसता हसता तिला वाटलं, की हे कुणी आपल्याला तीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.

दळायला जाऊ बसली. गुडघे दुखत होते तरी बसली. एक प्रकार दळून झाला की जातं तीनदा धुवायचं, वाळवायचं, मग दुसरा.

"कुठल्या डब्यात कुठलं ते मला सांगू नकोस," जाऊ म्हणाली. "मी फटाफट बोलून टाकते. तुझं वाटोळं होईल."

"दिसतंय की तुला! भोकांची पानं समोर पडलीत."

"पानं दिसली. डबे भरताना मी भिंतीकडे तोंड केलं होतं. तू बघितलं नाहीस?"

पालेवालीनं बघितलं नव्हतं. इतक्या वर्षांत जावेनं तिच्या पाल्याला दिलेला हा पहिला मान होता. तो भिंतीकडे तोंड करून दिलेला होता, म्हणून तिच्या लक्षातही आला नव्हता.

पाकिटात काय लिहायचं हा प्रश्नच होता. शाळेत ती चार वर्षं गेली होती, अक्षर जुळवायला घाम फुटायचा. तिनं चित्र काढलं. एका ठिपक्याखाली एक पान. दोन ठिपक्यांखाली एक पान. एकाला तीन भोकं. पाकीट चिकटवलं आणि डब्यांबरोबर बाईच्या हातात दिलं.

त्यानंतर एकवीस दिवस. कुतूहल ज्याच्या अंगात आहे त्याला एकवीस दिवस गप्प बसवणं म्हणजे काय, ते त्यालाच विचारावं. अर्धं कोडं पालेवालीकडे होतं, अर्धं बाईकडे, आणि दोन्ही अर्धी जवळ आणायची नाहीत असं ठरलं होतं. एकदा बाजारात उंदीरमामा समोरून आले. त्यांचा चेहरा फुलला.

"ताई, अहो, एका रांगेचा भुसा..."

पालेवालीनं भर रस्त्यात दोन्ही कान झाकले. "मामा! एक शब्द बोललात तर बघा!"

"अहो, पण कोरडा..."

"रांग सांगू नका!"

येणारी-जाणारी माणसं थांबून बघायला लागली. मामांनी तोंडावर हात ठेवला आणि ते आपल्या वाटेने गेले. पालेवाली घरी येऊन दोनदा म्हणाली, "कुठल्यातरी रांगेचा कोरडा आहे." जाऊ म्हणाली, "चल, म्हणजे कुठलीतरी रांग आहे." त्या दिवशी दोघी नीट जेवल्या.

बाविसाव्या दिवशी त्या दोघी संस्थेत गेल्या. जाऊही आली, फाटकापासून दारापर्यंतची वाट चालायला तिला तीन वेळा थांबावं लागलं. बाईनं आधी आकडे मांडले. एका ठिपक्याच्या उंदरांची सूज साध्या पाण्याच्या उंदरांइतकीच. दोन ठिपक्यांच्या उंदरांची सूज निम्म्याहून खाली, दवाखान्याचं औषध दिलेल्या उंदरांच्या जवळपास. साखर एका ठिपक्यात जशीच्या तशी. दोन ठिपक्यांत उतरलेली, पण औषधानं उतरली तिच्या अर्धीच.

"आता पाकीट," बाई म्हणाली. तिनं पाकिटाची कड फाडली. मामा दारात उभे होते.

पालेवालीला पाकिटात काय आहे ते माहीत होतं. तरी तिनं ते बघितलं नसल्यासारखी मान पुढे केली. कागद उलगडला. दोन ठिपके. त्यांखाली एक वेडंवाकडं पान, आणि पानाला तीन भोकं.

मामांनी टाळी वाजवली आणि दचकून स्वतःच थांबले. बाई कागदाकडे बघत राहिली. पालेवालीनं आपलं उजवं मनगट डाव्या हातात धरलं होतं.

मग बाईनं सांगितलं की हे अजून दोनदा करून बघावं लागेल. मग द्रव्य शोधायचं. मग ते पोटाला झेपतं का ते बघायचं. माणसांची पाळी फार पुढे, दहा-बारा वर्षांनी, तीही आली तर.

"तोवर मी असेन-नसेन," पालेवाली म्हणाली.

"मुकीचं नाव यादीत राहील. हे बघा." बाईनं एक फॉर्म पुढे केला. त्यात वनस्पती कशी गोळा केली, ते लिहायला एक रकाना होता. बाईनं त्यात लिहिलं होतं आणि ते तिनं वाचून दाखवलं: अळीने खायला सुरुवात केलेली, देठाकडे हिरवी असलेली पानेच खुडावीत, सबंध पाने घेऊ नयेत. ही पद्धत गोळा करणाऱ्या बाईंच्या आईची.

पालेवालीनं ते पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा.

परतीच्या वाटेवर जाऊ कठड्यावर बसली, धाप टाकत. घोटे सुजलेले होते. तिनं चप्पल काढली आणि विचारलं,

"तर मग, माझी साखर उतरवली कुणी? तुझ्या पाल्यानं की माझ्या गोळीनं?"

पालेवाली शेजारी बसली. हा प्रश्न तिनं किती महिने उशाशी घेतला होता.

"उंदराची थोडी पाल्यानं उतरली," ती म्हणाली. "तुझी कुणी उतरवली, माहीत नाही. तू गोळी घे. चुकवायची नाही."

"आणि काढा?"

"तो उद्या डॉक्टरला विचारायचा. मी येते बरोबर. बारा वर्षं तू त्याला सांगितलंच नाहीयेस, ते आधी सांगायचं."

"ओरडेल तो."

"ओरडू दे. मग मी त्याला विचारणार आहे, त्याची गोळी कशावरून उतरवते ते."

जाऊ हसता हसता कठड्यावरून घसरता घसरता राहिली. पालेवालीनं तिचा घोटा मांडीवर घेतला, अंगठ्याने दाबला, आणि खड्डा भरून यायला किती वेळ लागतो ते बघत बसली. या खेपेला ती मनात आकडे मोजत होती.